कुंपण गप्प झालं

हेकनराटमध्ये वाऱ्याचं कुणाला कौतुक नाही. तो असतोच. बेल्जियमच्या बाजूने, पश्चिमेकडून, दलदलीचा उघडा माळ तुडवत येतो आणि गावावर आदळतो. म्हणून इथल्या प्रत्येक घराने पश्चिमेला झाडांचं कुंपण वाढवलंय, छपराइतकं उंच आणि भिंतीसारखं दाट. त्या झाडांची पानं हिवाळ्यात वाळतात, पण गळत नाहीत. नुसती खडखडत राहतात. परक्या माणसाचं डोकं उठतं त्या आवाजाने, घरच्यांना तो ऐकूसुद्धा येत नाही.

पोलमान परकाच होता. जकातीचा माणूस, उत्तरेच्या सपाट मुलखातून बदली होऊन आलेला. दुपारपासून तो बिलाच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ ठाण मांडून बसला होता, ओल्या बुटांसकट. बिलाचा नवरा लेनर्ट सकाळच्या धुक्यात सीमेपलीकडे कॉफी आणायला गेलाय, अशी चुगली कुणीतरी केली होती. कुणी केली ते बिलाला चांगलं ठाऊक होतं, पण त्या मेल्याचं नाव घेऊन तोंड कशाला विटाळायचं.

"नवरा कुठे गेला म्हणालात, बाई?"

"सांगितलं की. लाकडं आणायला."

"कुऱ्हाड तर दारामागेच आहे."

"दुसरी आहे."

"दोन दोन कुऱ्हाडी. चांगलं चाललंय म्हणायचं."

बिला बटाटे सोलत राहिली. सालं नेहमीपेक्षा जाड निघत होती. लेनर्ट एकदा तुरुंगात जाऊन आला होता. पुन्हा सापडला तर लवकर सुटणार नाही, हे न्यायाधीशाने तेव्हाच बजावलं होतं.

शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं. आत लेनर्टची आई, म्हातारी काट्रिन, अंथरुणाला खिळलेली. रविवारी पाद्रीबाबा तिला मरणाआधीचं शेवटचं तेल लावून गेले होते. सगळ्या गावाने ती गेल्यातच जमा धरली होती. जीभ मात्र जागच्या जागी होती.

"तिकडे माहेर आहे माझं, साहेब," ती आतून म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा मधे फक्त दलदल होती. मग तुम्ही शहाणे लोक लढाई हरलात, आणि माझ्या बहिणीच्या गोठ्यापाशी सीमा येऊन बसली. आता मावशीकडची कॉफी आणली की पोरगा चोर."

"कायदा मी नाही केला, आजी."

"तुम्ही कशाला कराल. तुम्ही आपले शेकत बसा."

 पोलमानने खिशातली किल्ली चाचपली. गावात शिरल्या शिरल्या चर्चच्या घंटाघराला कुलूप घालून आला होता तो. गावाची खोड त्याला माहीत झाली होती. जकातवाले आले की अवेळी मोठी घंटा वाजायची आणि दलदलीतली माणसं असतील तिथून मागे फिरायची. आज ती सोय नव्हती. बाहेर बर्फ असं पडत होतं की अंगणातली विहीर दिसेना.

आणि मग कुंपण गप्प झालं.

बिलाचा चाकू बटाट्यात तसाच थांबला. इतका वेळ कानात भरून राहिलेली खडखड एकदम नाहीशी झाली, तेव्हा कुठे तिला कळलं की ती चालू होती. आतल्या अंथरुणावर म्हातारीने मान वळवली. दोघींची नजरानजर झाली.

"बरं झालं," पोलमान म्हणाला. "पडला एकदाचा वारा."

तेवढ्यात मागचं गोठ्याचं दार धाडकन आपटलं. ते दार उत्तरेला. त्या बाजूला कुंपण नाही, कारण तिकडून वारा कधी फारसा येतच नाही. दार पुन्हा आपटलं, मग आपटतच राहिलं.

वारा पडला नव्हता, फिरला होता.

 पलीकडून येताना वारा पाठीवर घ्यायचा, एवढं एकच शास्त्र या गावात बाप मुलाला शिकवतो. धुकं असो, बर्फ असो, पाठीवर वारा असला की तोंड घराकडे. आंधळासुद्धा येईल. पण माळावर वारा वळतो तसा माणूसही नकळत वळतो, आणि आता वारा उत्तरेचा होता. त्याला पाठ देऊन लेनर्ट दक्षिणेला चालला असणार. दक्षिणेला गाव नव्हतं. तिथे काळं पाणी होतं, वर गवत आणि बर्फ, खाली तळ नाही. तिथे गेलेलं जनावरसुद्धा कधी परत मिळालं नव्हतं.

दार आपटत होतं. बिलाला वाटलं, अजून थोडं थांबावं. कदाचित तो वेळेवर निघालाच नसेल. कदाचित मावशीने ठेवून घेतलं असेल. मग तिला स्वतःचाच राग आला. चाकू ठेवून ती उभी राहिली.

"साहेब, किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"घंटाघराची. माझा नवरा दलदलीत आहे. पाठीवर कॉफीची गोणी आहे. लाकडंबिकडं काही नाही."

 आयुष्यात असली कबुली पोलमानला कुणी आयती हातात दिली नसेल. बिलाने भराभर सगळं सांगितलं, कुंपणाचं, गोठ्याच्या दाराचं, काळ्या पाण्याचं.

"चर्च त्या पाण्याच्या बरोबर उत्तरेला आहे. हा वारा घंटेचा आवाज सरळ तिकडे नेईल. एवढंच एक चांगलं झालंय."

"पण घंटा म्हणजे तुमच्यात इशारा ना? ऐकून तो आणखी पळेल."

 खरंच होतं ते. या गावाकडे 'पळ' म्हणायला घंटा होती, 'ये' म्हणायला काही नव्हतं.

"मोठी वाजवली तर पळेल," आतून म्हातारी म्हणाली. "छोटी वाजवा. माझी."

छोटी घंटा कुणी मेलं तरच वाजते. ठोक्यांची तऱ्हा बाईमाणसाची वेगळी, बाप्याची वेगळी. आणि गावात आज मरायला टेकलेली बाई एकच होती.

"आई, भलतंसलतं बोलू नका. जित्या माणसाची वाजवली तर ते माणूस वर्ष काढत नाही."

"मला कुठे वर्ष काढायचंय? तेल लावून तयारच बसलेय की. जा, बघत काय राहिलीस? आई मेली म्हटल्यावर नरकातूनसुद्धा येईल तो."

बिलाला रडू फुटलं. पोलमान उठला. त्याने टोपी हातात घेतली, पण किल्ली काढली नाही.

"एक सांगतो, बाई. आला तर मी त्याला धरणार."

"धरा."

"गोणी त्याची नाही, वाटेत सापडली, असलं काही ऐकून घेणार नाही."

"नाही सांगणार."

"शब्द?"

"शब्द दिला. चला आता, अंधार पडेल."

घंटाघरात हाडं गोठवणारी थंडी होती. बिलाने दोर ओढला. बाईमाणसाची घंटा, थांबत थांबत, पुन्हा थांबत. एकेक दार उघडलं. बाया छातीवर क्रूसाची खूण करत उंबऱ्यात आल्या, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. काट्रिन गेली म्हणून कुजबुज झाली. बिलाने कुणाकडे पाहिलं नाही. प्रत्येक ठोक्याला तिला वाटत होतं, आपण सासूला ढकलतोय. आणि न वाजवावं, तर नवऱ्याला ढकलतोय. तळहात सोलवटले तरी ती ओढत राहिली. शेवटी बोटं मिटेनात, तेव्हा पोलमानने तिच्या हातून दोर काढून घेतला.

"किती थांबायचं मधे?"

"एक श्वास. असंच."

जकातवाला मरणघंटा वाजवतोय हे सगळ्या गावाने पाहिलं.  दक्षिणेकडचा पांढरा पडदा राखाडी झाला, मग काळपट व्हायला लागला, आणि त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं. बिला मनातल्या मनात सगळ्या संतांना शिव्या देत होती.

मग कुणीतरी म्हणालं, "तो बघा." पोलमानने दोर सोडला आणि दोघे बाहेर आले.

लेनर्ट धावत येत होता. कमरेपर्यंत काळा चिखल, डोक्यावर काही नाही, आणि पाठीवर गोणी तशीच. टाकायचं भानच राहिलं नव्हतं त्याला. तो जमलेल्या माणसांमधून गेला, पोलमानच्या अंगावरून गेला, बायकोच्या अंगावरून गेला, कुणी दिसलंच नाही त्याला. घरात शिरला आणि आईच्या अंथरुणाशी कोसळला.

बिला आणि पोलमान मागोमाग पोचले तेव्हा म्हातारी त्याच्या ओल्या केसांतून हात फिरवत होती.

"मेले नाही रे अजून. ऊठ. सगळी चादर भिजवलीस."

लेनर्टने मान वर केली. काही वेळ त्याला अर्थच लागेना. मग गोठ्याचं दार आपटलं. त्याने ते ऐकलं, कुंपणाची शांतता ऐकली आणि पांढराफटक पडला.

"मी दक्षिणेला चाललो होतो?"

"हो," बिला म्हणाली.

"पाय खाली गेला होता माझा. तेवढ्यात घंटा आली. म्हटलं, आई..." 

पोलमानने गोणीकडे बोट केलं. "लेनर्ट, ही गोणी तुझी?"

लेनर्टला आता कुठे तो दिसला. त्याने बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते बिलाला पुरेपूर कळलं. एक थाप मार, तू चांगली मारतेस.

"त्याचीच आहे," बिला म्हणाली. "मी शब्द दिलाय."

"तू सांगितलंस ह्याला?"

"सांगितलं. शिव्या नंतर घाल. आधी कपडे बदल, ह्या ओल्या विजारीत मी तुला तुरुंगात पाठवणार नाही."

पोलमान थांबला. कपडे बदलून होईपर्यंत थांबला, गरम सूप पिऊन होईपर्यंत थांबला. म्हातारीने त्यालाही वाटी द्यायला लावली.

"साहेब, उन्हाळ्यात कुंपण छाटायचं असतं. खाली शिडी धरायला माणूस लागतो. तोवर सुटेल का हा?"

"नाही वाटत, आजी."

"मग तुम्ही या. फुकट शेकलात दुपारभर."

लेनर्ट दारापर्यंत गेला, परत आला, आणि बिलाचे सोलवटलेले हात हातात घेऊन नुसता उभा राहिला. शिवी काही त्याने घातली नाही. मग दोघे पुरुष बाहेर पडले, लेनर्टच्या खांद्यावर गोणी, पोलमानच्या खांद्यावर काही नाही.

बिला दारात उभी राहिली. वारा बोचत होता, तरी ती आत गेली नाही. बर्फात लेनर्टची पावलं उमटत होती, खोल, जड, चालत्या माणसाची. पावलं दिसेनाशी होईपर्यंत ती बघत राहिली, आणि मग गोठ्याच्या दाराला कडी घालायला गेली.