मीटरची साक्ष

मास्तरांनी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत, लहानपणच्या मित्राला सुनावलं, "मेलेला माल माझ्याच गळ्यात मारतोस होय रे?" मित्राचं सुट्या पार्टांचं दुकान होतं. त्यानं मास्तरांच्या पुडीतला एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा पार्ट, उचलून मीटरला लावला. काटा ढिम्म. उलटा लावला, तरी ढिम्म. त्याचा चेहरा पडला.

निवृत्तीनंतर मास्तरांनी धूर ओढून घेणारं यंत्र बनवायचं खूळ घेतलं होतं. त्याला हजारो व्होल्ट सोसणारे डायोड लागत. घरी येऊन त्यांनी "मेले सगळे!" म्हणत दहा डायोडांची पुडी टेबलावर आपटली.

"दहाच्या दहा मेले?" बायकोनं चष्म्यावरून पाहिलं. तिची वीस वर्षं कारखान्यात असले पार्ट तपासण्यात गेली होती. "साथ आली होती की काय?"

"मीटर खोटं बोलेल?"

"खोटं नाही हो, पण त्याचा जीव केवढा! दोन-तीन व्होल्टांचा. या डायोडाच्या पोटात एकामागे एक कितीतरी दारं असतात. तुमचं मीटर पहिल्याच दारावर टकटक करून परत येतं, अन् तुम्ही म्हणता घरात कोणी नाही."

तिनं नऊ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या. करंट आवरायला रेझिस्टर घातला, त्याच्यावर मीटर धरलं. डायोड लावताच काटा उठला. डायोड उलटा केला, काटा शून्यावर बसला. असे नऊ शहाणे निघाले. दहावा दोन्हीकडून वाहत होता.

"हा मात्र खरंच गेला. बाकीचे विजेचा मोठा दाब सोसतात का, ते पुढे कळेल."

मास्तर चपला शोधू लागले.

"आता कुठे?"

"तोंड दाखवायला."

"बॅटऱ्या न्या. नुसत्या तोंडावर कोण विश्वास ठेवतंय!"

दुकानात मित्रानं डायोडांचं अख्खं खोकं भंगाराच्या पिंपात ओतलं होतं. "मेलेला माल मी ठेवत नाही," तो मान वर न करता म्हणाला.

गिऱ्हाइकं होतीच. मास्तरांनी काउंटरवर बॅटऱ्या मांडल्या आणि मघाशी ओरडले होते तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, "चूक माझी. याचा माल चांगला आहे. हे बघा."

काटा उठला. तसं मित्रानं पिंप आडवं केलं. दोघे म्हातारे गुडघे टेकून स्क्रू आणि तारांतून काळे डायोड वेचू लागले.

"वहिनींनी सांगितलं ना?"

"हो."

"वाटलंच. तुझी धाव त्या मीटरएवढीच."