लग्न लावलं की बरी होईल

सकाळी नळाला पाणी आलं की शेवगाव तालुक्यातल्या त्या गावात बायकांची एकच धांदल उडते. त्या दिवशी लंकाबाईंच्या घरी त्यात आणखी भर. त्यांच्या पंकजाला बघायला पाहुणे यायचे होते. पोह्यांचा कांदा चिरता चिरता त्या उठल्या, फळीवरची गोळ्यांची पाकिटं उचलली आणि ज्वारीच्या कोठीत खुपसली.

"आई, माझी गोळी राहिलीय," पंकजा म्हणाली.

"एक दिस न्हाई खाल्ली तर काय हुत न्हाई. पाव्हन्यांनी बघितल्या तर म्हनतील, पोरगी येडी हाय."

पंकजा एकोणीस वर्षांची. बारावीनंतर तिचं जेवण तुटलं, झोप उडाली. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून बसायची. जगावंसं वाटत नाही, असंही एकदा बोलली. बाहेरचं झालंय म्हणून लिंबं उतरवली, अंगारे लावले, उपास धरले. शेवटी तिची आत्या सुकन्या, शेवगावला अंगणवाडीत काम करणारी, घरच्यांशी भांडून तिला नगरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. औषधानं आणि डॉक्टरांशी बोलून बोलून पोरगी माणसांत आली. स्वतःहून वेणी घालू लागली, शेळीच्या करडाशी बडबडू लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध मध्येच सोडू नका, लग्नाची घाई करू नका. पण ऐकतो कोण!

कारण दसरा तोंडावर आलेला. दसरा झाला की ऊसतोडीचा सीझन, आणि तिथं जोडप्यानं जावं लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पोराला मुकादम घेत नाही. म्हणून या भागात सीझनच्या आधी घाईघाईनं लग्नं उरकतात. घरात कुणी मनानं आजारी असेल, तर मग विचारूच नका. लग्न लावलं की बरं होतंय, हा आमचा ठरलेला उपाय! अहो, मलेरिया झाला तर कुणी मुंडावळ्या बांधतं का?

"दादा, वरीसभर तरी थांब," सकाळीच आलेल्या सुकन्यानं भावाला, पंकजाच्या बापाला गहिनीनाथला, विनवलं.

"वरीसभरानं कोन करील तिला? जल्मभर तू संबाळनार हायेस का?"

पाहुणे आले. बनुबाई, त्यांचा मुलगा सुनील आणि त्याचा मामा. सुनील मान खाली घालून बसला. पंकजानं पोहे दिले.

"सैपाक येतो का गं?" बनुबाईंनी विचारलं.

"येतो. पन मावशी, मला मनाचा आजार हाय. रोज गोळी घ्यावी लागती. मला एवढ्यात लगीन न्हाई करायचं."

लंकाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सुकन्याला मात्र वाटलं, सुटली बाई पोरगी!

बनुबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मग त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. "आता लपवून काय करायचं? आमचा सुनील बी असाच. बोलत न्हाई, झोपत न्हाई. दोघांचं लगीन लावू, हुतील बरी."

गहिनीनाथनं सुस्कारा सोडला. मामांनी लगेच तारखेचा विषय काढला. तेवढ्यात सुनीलनं पहिल्यांदा मान वर केली.

"त्या गोळीनं झोप लागती का?"

"लागती," पंकजा म्हणाली. "पन रोज घ्यावी लागती. तुमाला बी मिळंल. माजी आत्या नेती डॉक्टरकडं."

"बघा, पोरं बोलाया लागली की!" बनुबाई हसल्या आणि साखर वाटायला सांगितली. सुकन्या ओरडत राहिली, "अहो, ती काय बोलतायत ते तरी ऐका!" पण तोवर तिच्याही हातावर साखर ठेवली गेली होती.

दसऱ्याआधी लग्न झालं. सुकन्यानं सासरी नेऊन दिलेल्या गोळ्या बनुबाईंनी परत केल्या. लग्न झालं, आता कशाला?

दिवाळीनंतर उसाच्या फडावरून पंकजाचा फोन आला. आवाज पुन्हा तसाच, खोल गेलेला. "आत्या, मला पुना तसंच हुतंय. ह्यांना तर लईच तरास हाय. आमाला दोघांना डॉक्टरकडं नेतीस का?"

सुकन्यानं मुकादमाला फोन केला. तो म्हणाला, सीझन संपल्यावर न्या. गहिनीनाथ म्हणाला, आता ती त्यांची सून. बनुबाई म्हणाल्या, मूल झालं की हुतील बरी. सगळ्यांचं ऐकून सुकन्यानं रडवेल्या आवाजात पंकजाला ते सांगितलं.

"तवर आमी काय करायचं, आत्या?"

आता सुकन्यानं काय सांगायचं? तुम्हाला येतंय का सांगता?