खंडोबाची माळ

ही ड्यूटी लागली तर काय काय पदरात पडणार, हे ज्योतीरामला तोंडपाठ होतं. सकाळी सांगवीतून कामावरच्या बायका गाडीत घ्यायच्या, चाकणच्या कंपनीत सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. अ‍ॅपवर भाड्याची वाट बघत उन्हात तापणं संपलं. आणि मुख्य म्हणजे पहाटे चारला मेसवर चपात्या लाटायला जाणं दीपमालाला, म्हणजे त्याच्या बायकोला, सोडता येणार होतं. तिचं मनगट दिवाळीपासून सुजलेलं होतं.

कंपनीची अट एकच कडक होती: बायकांच्या गाडीत दार उघडलं की आतली लाइट लागलीच पाहिजे. तपासणी शनिवारी चारला. आणि नेमकी त्याच सकाळी ती लागेना.

आकुर्डीत गाड्यांची वायरिंग करणाऱ्या विक्कीनं बल्ब काढून पाहिला, दाराचा स्विच दाबून पाहिला. दोन्ही ठणठणीत. फ्यूज मात्र जळालेला. नवा घातला, दार उघडलं, तोही गेला.

"वायर कुठंतरी बॉडीला लागतीय, भावा. जादाची लायटिंग बियटिंग जोडलीय का काही?"

ज्योतीरामचा हात आपसूक डॅशबोर्डवर, तपासणीत दिसू नये म्हणून टाकलेल्या टॉवेलवर गेला. टॉवेलाखाली खंडोबाचा फोटो, फोटोभोवती लुकलुकणारी माळ. चंपाषष्ठीला त्यानं स्वतःच ती आतल्या लाइटच्या वायरला पिळून जोडलेली. ड्यूटी लागेपर्यंत ती विझू द्यायची नाही, असं दीपमालानं देवाला बोललेलं. विक्कीच्या हातात कात्री होती.

"न्हाई ओ. शोरूममधनं आणली तशीच हाय गाडी."

"मग अख्खं छत खोलावं लागंल. सोमवारी ये."

सोमवार! ज्योतीराम पुढच्या पानटपरीवर थांबला. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद मागून घेतला आणि फ्यूजला गुंडाळून बसवला. आतली लाइट लागली, माळही लुकलुकली. भोसरी ओलांडेपर्यंत तो खंडोबाशी मोठ्यानं बोलत होता. मोशीला जळका वास आला. तो पुढच्या ट्रकचा असणार, असं त्यानं ठरवून टाकलं.

कंपनीच्या आवारात सुपरवायझर रविराजनं दार उघडलं. छताच्या कडेतून धूर आला, कापड काळं पडत खाली लोंबलं. रविराजनं आधी बॅटरीची तार काढायला लावली, मग फ्यूज ओढून बघितला.

"चांदी? राव, फ्यूज उडायच्या ऐवजी वायरच पेटली. नुसती लाइट बंद असती तर सोमवारपर्यंत मुदत दिली असती. सगळ्यांना देतो." त्यानं वहीत गाडीचा नंबर लिहिला आणि त्यावर आडवी रेघ मारली. "आगीची गाडी. परत आणू नको."

घरी दीपमाला पिठाचा डबा झाकत होती.

"माळ चालू हाय ना?"

"हाय."

"मग लागंल बघा ड्यूटी. एवढ्या लवकर थोडीच लागती?"

हिशेब फार लांबला नाही. विक्कीचा एक फ्यूज गेला, त्याचेही पैसे त्यानं मागितले नाहीत. रविराजनं रूट रांगेतल्या पुढच्या गाडीला दिला. खंडोबाच्या चेहऱ्यावर थोडी काजळी आली. ज्योतीराम रविवारी उशिरापर्यंत झोपला. दीपमालानं साडेतीनला गजर बंद केला, मनगटाला पट्टी गुंडाळली आणि मेसवर गेली.