चौदा तारखेचा अर्धा तास

जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात तिला सगळे मास्तरीण म्हणत. नावदुरुस्तीचा अर्ज तिच्या टेबलावरून गेला की त्यात वेलांटीचीही चूक राहत नसे. शेजारच्या टेबलावर चिमणी बसायची. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून चिमणी. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या आणि एकोणीस वर्षं रोज एकमेकींच्या डब्यातलं खात होत्या.

मास्तरणीची आई घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. त्याच सुमारास सरकारने आठवड्यातून तीन दिवस घरून काम करायची सवलत काढली. एका विभागात एकालाच. अर्ज चिमणीनेच टाइप केला. "तू लिहिलास तर विनंती कमी आणि व्याकरण जास्त होईल," ती म्हणाली. साहेबांनी सही करताना मान वर न करता सांगितलं, "आम्हाला काम झाल्याशी मतलब. कुठे बसून करता, कधी करता, ते तुम्ही बघा."

तिने जेवणाचं टेबल अशा जागी सरकवलं की लॅपटॉपवरून मान वळवली की आई दिसावी. जेवायला ती उठायचीच नाही, काम करता करता चार घास खायची. सुटी दीड ते दोन होती आणि आईच्या पाठीला ते वेळापत्रक मान्य नव्हतं. आईला पुसून काढायचं, कपडे बदलायचे, कूस बदलून पाठीला पावडर लावायची, हे सगळं तीनच्या सुमाराला निघायचं आणि त्यात अर्धा तास जायचा. उठण्याआधी ती चिमणीला मेसेज करायची, "जाते." चिमणीचं उत्तर ठरलेलं, "जा. मी आहे." साहेबांनी चौकशी केलीच, तर चिमणी वेळ मारून न्यायची.

सात महिने असे गेले. विभागात चारशेच्या वर अर्ज तुंबले होते, ते साठावर आले.

मग एका सकाळी, ती कार्यालयात आलेली असताना, शिपायाने बंद पाकीट आणून दिलं. सवलतीचा गैरवापर केल्याबद्दल खुलासा करावा, अशी नोटीस होती. सोबत गेल्या दोन महिन्यांतल्या तेवीस तारखांची यादी. प्रत्येक तारखेसमोर वेळ, तीन ते साडेतीन, तीन दहा ते तीन चाळीस. वाचताना तिचे कान तापले. राग नाही, लाजच वाटली. चोरी पकडल्यासारखी.

चिमणीने खुर्ची जवळ ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "कोण लिहितं गं हे असलं? मेल्यांना दुसरा उद्योग नाही. मशीनमध्ये काहीतरी बसवलेलं असणार."

तिलाही तसंच वाटलं. घरी गेल्यावर खुलासा लिहायला म्हणून तिने यादी आणि फोनवरचे मेसेज शेजारी ठेवले. तारखा जुळत गेल्या. गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला मात्र ती थांबली. त्या दिवशी तिने "जाते" असं पाठवलं होतं खरं, पण आईचा नुकताच डोळा लागला होता. उठवणं जिवावर आलं, म्हणून ती परत येऊन बसली होती. तिने लॅपटॉप उघडून त्या दिवसाच्या नोंदी काढल्या. तीन पाच ते तीन पस्तीस, अकरा दुरुस्त्या, प्रत्येकीवर मिनिटांसकट वेळ. यादीत चौदा तारखेसमोर लिहिलं होतं, तीन पाच ते तीन पस्तीस, अनुपस्थित.

मशीन असं म्हणणं शक्य नव्हतं. त्या अर्ध्या तासात ती जागेवर नव्हती, असं जगात एकाच माणसाला वाटत होतं.

तिने यादी तीनदा वाचली. चिमणीचा फोन कुणी उघडला असेल, असंही मनाशी म्हणून बघितलं. ते काही मनाला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चिमणीला जुन्या रजिस्टरांच्या खोलीत गाठलं.

"चौदा तारखेला मी उठलेच नव्हते," ती म्हणाली. "आई झोपली होती."

चिमणीला कळायला एक क्षण लागला. मग तिने हातातलं रजिस्टर कपाटावर ठेवलं.

"माझी पोरगी शाळेतून एकटी घरी येते," ती म्हणाली. "आतून कडी लावून बसते मी येईपर्यंत. नवरा महिना-महिना बाहेरगावी असतो. मी अर्ज केला तर साहेब म्हणाले, जागा एकच आहे आणि ती भरलेली आहे. रिकामी व्हायला काहीतरी कारण लागेल."

"मला म्हणायचं होतंस. आलटून पालटून घेतली असती."

"तू दिली असतीस?"

"दिली असती."

"तेच तर." चिमणीचा आवाज खाली गेला. "तू दिली असतीस, आणि मी जन्मभर तुझ्या उपकाराखाली राहिले असते. आधीच काय कमी आहेत?"

"काल पाठीवर हात ठेवलास."

"तो खरा होता."

खोटा असता तर सोपं गेलं असतं, एवढंच मास्तरणीला वाटलं.

सुनावणीला साहेब होते, आणि टिपणं घ्यायला नेमकी चिमणीच बसवलेली. मास्तरीण म्हणाली, "बावीस दिवस खरे आहेत. जेवणाची सुटी न घेता मी तो वेळ आईला दिला. चौदा तारीख खोटी आहे." आणि तिने अकरा दुरुस्त्यांचा कागद पुढे केला.

साहेबांनी तो नीट वाचला. त्यांची नजर चिमणीकडे गेली आणि परत आली. "ठीक आहे, बावीस धरू," ते म्हणाले.

"यादी कुणी दिली, ते तुम्ही विचारणार नाही?"

"त्याची गरज नाही."

"काम झाल्याशी मतलब, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"ते बोलण्यातलं झालं. नियमात वेळ लिहिलेली आहे."

चिमणी मान खाली घालून लिहीत होती. नाव घ्यायचं म्हटलं असतं तर मास्तरीण घेऊ शकली असती. पण ज्यांना सांगायचं त्यांना आधीच सगळं माहीत होतं, हे तिच्या लक्षात आलं, आणि ती उठली.

तिला लेखी ताकीद मिळाली, सवलत रद्द झाली. पुढच्या महिन्यात ती चिमणीला मंजूर झाली. आईजवळ दिवसभर एक बाई ठेवावी लागली. बाई चांगली होती, पण हाताने धसमुसळी. आई तक्रार करायची नाही. एकदा तिने एवढंच विचारलं, "तुझ्या त्या मैत्रिणीचा हल्ली फोन नाही?"

"ती घरून काम करते आता," मास्तरीण म्हणाली. "वेळ मिळत नसेल."

तिने स्वतःहून खालच्या मजल्यावर, जुन्या नोंदी स्कॅन करायच्या कामावर बदली मागून घेतली. तिथे तिच्याशी बोलायला फारसं कुणी नसतं, आणि ते तिला बरं वाटतं. मागच्या आठवड्यात जिन्यात चिमणी समोर आली. दोन पायऱ्या वर थांबली. आईची तब्येत विचारली, पोरीचं सांगितलं, मग म्हणाली, "एका जुन्या नोंदीची नक्कल हवी होती गं."

"अर्ज खाली पाठवून द्या तुम्ही," मास्तरीण म्हणाली. "उद्या बघते."

एकोणीस वर्षांत तिने चिमणीला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं. चिमणीने बाजूला सरून वाट दिली.