‘नाही’चे बटण

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. भिंतीतली नव्हे, संगणकाच्या पडद्यावरची. मला गज नाहीत, कडी नाही, माझ्यातून वाराही येत नाही. पण एके काळी माझ्यातून एका बाईचे बोलणे बाहेर येत असे.

ती बाई म्हणजे आत्या. मला घडवणाऱ्या मुलीची ती आत्या, म्हणून मीही तिला आत्याच म्हणते. ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचे शिलाई मशीन होते आणि मशीनच्या खडखडाटावर मात करील असा तिचा आवाज होता. मग एके दिवशी आजाराने तिला गाठले. उजवा हात लुळा पडला आणि बोलणे गेले. समजत सारे होते, शब्द मात्र ओठांपर्यंत पोचत नव्हते.

तिची भाची तेव्हा संगणकाचे शिक्षण घेत होती. तिने मला लिहायला घेतले. हो, लिहायलाच! आम्हा खिडक्यांना सुतार लागत नाही. संगणकाला कळेल अशा सोप्या भाषेत एक ओळ लिहायची, लगेच चालवून बघायची, बिघडले की बदलायची. पहिल्या काही ओळींनी मी जन्मले, करडी आणि रिकामी. मग एकेक बटण आले: ‘हो’, ‘नाही’, ‘पाणी’, ‘पाय दुखतोय’. प्रत्येक बटणाशी भाचीने एक काम बांधून दिले, की हे दाबले तर हा शब्द मोठ्याने म्हण. शब्द भाचीने स्वतःच्या आवाजात भरले होते. आणि अगदी शेवटच्या ओळीत तिने मला सांगितले, वाट बघ.

आमचे सारे आयुष्य हेच असते, मित्रांनो. कुणी बटण दाबले, कुणी माउसने पडद्यावरचा बाण हलवला, की आमच्याकडे खबर येते. तिला आमच्यात घटना म्हणतात. घटना आली की नेमून दिलेले काम करायचे आणि पुन्हा वाट बघत बसायचे.

“आणि हे खालचं बटण कसलं गं?” आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, चष्मा वर सरकवत विचारले.

भाचीने ते दाबले. मी म्हणाले, “काहीतरीच तुमचं!”

आतोबा पोट धरून हसले. “अरे देवा, उठता-बसता ऐकायचो हे! घरात बटणं लावणारी एक होती, आता दुसरी तयार झाली.”

आत्याही हसली, अर्ध्याच ओठांनी.

भाची आत्याच्या डाव्या हातावर आपला हात ठेवून माउस धरायला शिकवत होती, तोवर माझे फार कौतुक झाले. शेजारच्या बायका मला बघायला येत. मग भाची परीक्षेसाठी वसतिगृहावर गेली, आणि मी मुकी झाले.

असे का झाले ते सांगते. बटण दाबणे ही आमच्या लेखी एकच घटना नसते. बोटाने दाबले ही एक, बोट सुटले ही दुसरी. रीत अशी, की काम करायचे ते सुटताना, आणि तेही बाण बटणावरच असेल तर. चुकून दाबलेच, तर बाण बाजूला नेऊन बोट उचलावे. काहीच घडत नाही. माघार घ्यायची ही चांगली सोय आहे. पण आत्याचा डावा हात थरथरायचा. ती दाबायची, आणि बोट सुटण्याआधीच बाण घसरून बाजूला जायचा. मला वाटायचे, तिने माघार घेतली. दाबल्याची खबर मला दर वेळी मिळत होती. तिचे काय करायचे, हे मात्र मला कुणी सांगितलेच नव्हते.

आतोबांचा समज झाला, की आत्याचा जीवच कशात रमत नाही. ती मशीनकडे बघत बसे, तेही त्यांना बघवेना. शेवटी मशीन न्यायला एक माणूस दारात आला.

“अगं, मशीन देऊन टाकतोय,” आतोबा हळूच म्हणाले. “बघून बघून झुरतेस नुसती. चालेल ना? नको असेल तर दाब की ‘नाही’.”

आत्याने दाबले. मी गप्प. तिने पुन्हा दाबले. मी गप्पच.

“काही म्हणत नाही, म्हणजे चालेल,” आतोबा त्या माणसाला म्हणाले. “उचला.”

तेवढ्यात परीक्षा आटोपून भाची दारातून आत आली होती. खांद्यावर पिशवी तशीच, नजर माझ्यावर.

“आतोबा, थांबा! ‘नाही’ आत गेलं होतं!”

“काय आत गेलं?”

“बटण हो! दबलं आणि लगेच वर आलं. आत्या, पुन्हा दाब बघू.”

आत्याने दाबले. बटण दबले, हात थरथरला, बाण घसरला, बटण वर आले.

“अगं बाई! ही मघापासून ‘नाही’च म्हणतेय!”

पिशवीही न उतरवता ती खुर्चीच्या कडेवर टेकली. माझ्या ओळी उघडल्या आणि कामाची गाठ ‘सुटले’पासून सोडवून ‘दाबले’शी मारली. मला पुन्हा चालू केले. “आता दाब.”

“नाही,” मी म्हणाले. बाण घसरला, पण शब्द निघून गेला होता. “नाही. नाही. नाही!”

त्या माणसाने एका बाजूने उचललेले मशीन हळूच खाली ठेवले. आतोबा आत्याकडे वळले. “अगं, मला वाटलं...”

बाण अडखळत खाली सरकला.

“काहीतरीच तुमचं!”

आतोबा हसले, आणि मग कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

पुढे आत्या डाव्या हाताने शिवू लागली. आधी वेडीवाकडी फडकी, मग उशांचे अभ्रे. एकेक शब्दही परत आला, आणि मला उघडणे कमी होत गेले. आता मी जुन्या संगणकाच्या कोपऱ्यात पडून असते. परवा सहज कुणी मला उघडून ठेवले होते. आतोबा उलटा सदरा घालून आले आणि ऐटीत म्हणाले, “कसा दिसतो?” मी सवयीने वाट बघत राहिले. बाण हलला नाही. पलीकडून, तुटत तुटत, आत्याच्या स्वतःच्या आवाजात आले, “काही... तरीच... तुमचं!” ती घटना माझ्याकडे आलीच नाही. रिकामे बसण्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

मित्रांनो, उद्या तुम्हीही खिडक्या लिहाल. बटण बांधण्याआधी ते कुणाच्या हाताखाली येणार आहे, ते बघा. आणि खिडक्या नाही लिहिल्यात, तरी माणसांत राहणारच आहात. कुणी बोलायला जाते आणि शब्द घसरतो. तो गप्प आहे म्हणजे त्याला चालेल, असे ठरवण्याआधी एकदा त्याच्या हाताकडे बघा.