सेकंदाचा काटा

“वहिनी, ही पळयात. लेडीज. हातार घातली की बांगडीसारकी दिसता.” कृष्णनाथने मखमलीचं तबक काचेवरून पुढे सरकवलं.

श्रद्धाने एक घड्याळ उचलून डोळ्यांजवळ नेलं. नखाएवढी तबकडी, त्यात केसासारखे दोन काटे. “याला सेकंदाचा काटा नाही?”

“लेडीजाक नसता. इतक्याशा जाग्यार तो फिरतलो खंय?”

“मग ज्याला असेल ते दाखवा.”

बाहेरून खनिजाचा ट्रक गेला आणि कपाटाच्या काचा थरथरल्या. कृष्णनाथने सवयीने फडकं फिरवून तांबडी धूळ पुसली. “सेकंद कित्याक व्हय तुमकां? शर्यती लावतात?”

ती नुसती हसली. खरं कारण ह्या बाजारात कुणालाही सांगायचं नव्हतं.

गोवा घटक राज्य झालं त्या पावसाळ्यात जन्मलेली तिची लेक शर्वाणी आता दोनाची होत आली होती. ताप चढला की तिला आकडी यायची. डोळे फिरायचे, हातपाय ताठ होऊन झटके द्यायचे. मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ चालली? श्रद्धा म्हणाली, खूप वेळ. “खूप म्हणजे किती? आईला नेहमी खूपच वाटतं. पाच मिनिटांच्या वर गेली तर घरी थांबायचं नाही, तशीच उचलून आणायची. पण ते कळायला वेळ बघायला हवी.” बी.ए. झालेली श्रद्धा त्यांच्यासमोर मान खाली घालून बसली होती. घरातलं एकुलतं घड्याळ बाहेरच्या सोप्यावर, आणि पोर मांडीवर तडफडत असताना सोप्यावर जाणार कोण?

सासूने, सरस्वतीबाईंनी, तेव्हाच बजावलं होतं. “भायर बोलू नको. चेडवाची जात, उद्या कोण इचारतलो? आणि प्रशांताक तर अजिबात कळवू नको. पाण्यावर काम करता तो. चित्त थाऱ्यावर रवाक व्हया.” प्रशांत बार्जवर होता. खनिज भरून मुरगावला जायचं, रिकामं होऊन परत यायचं. खाणीचा हंगाम असेतो घरी यायचा तो पाहुण्यासारखा. त्याने लेकीची आकडी एकदाही पाहिली नव्हती.

कृष्णनाथने आता पुरुषांची घड्याळं मांडली. हे आकड्यांचं, आखातातून आलेलं. सेकंदसुद्धा आकड्यांत पळतात. श्रद्धाने ते हातात धरून पाहिलं. आकडे नुसते बदलत राहिले. हात कापत असताना सुरुवात कुठल्या आकड्याला झाली ते आठवणार कसं? हे ऑटोमॅटिक, हात हलला की आपोआप चावी बसते. “घरकाम करतल्या बायलेचो हात केन्ना थांबता?” तो हसला. तिला मात्र तापाच्या दिवसांत पोरीच्या उशाशी तासन् तास निश्चल बसलेली आपणच दिसली. मग त्याने क्वार्ट्झ पुढे केलं. सेलवर चालणारं, चावी द्यावी लागत नाही.

“सेल संपायच्या आधी कळतं?”

“कळना. एक दीस बंद पडता.”

तिने ते लगेच खाली ठेवलं. शेवटी चावीचं घेतलं. पांढरी तबकडी, ठसठशीत काळे आकडे, लांब तांबडा सेकंदकाटा. रोज सकाळी चावी द्यायला विसरलो तर चूक आपली. निदान ते आपल्या हातात तरी राहील.

“घोवाक काय?” पट्टा आवळता आवळता कृष्णनाथने विचारलं.

“हो, ह्यांच्यासाठीच,” ती म्हणाली. तेच सोपं होतं.

घरी सासूने एकदा मनगटाकडे आणि एकदा तोंडाकडे पाहिलं. “बायलमाणसाच्या हातात दादल्याचा घड्याळ. आता मिशी तेवढी रवली.”

पुढच्याच आठवड्यात पोरीला ताप आला आणि दुपारी आकडीही आली. कुशीवर वळवलेली शर्वाणी, तिच्या डोक्याखाली डावा हात, आणि घड्याळ त्याच हातावर. श्रद्धाने मनगट कसंबसं पिळून तबकडी वर आणली. पहिल्यांदाच तिची नजर लेकीच्या चेहऱ्यावर नव्हती, काट्यावर होती. असं बघणारी आई कसली, असं तिला वाटत राहिलं. तांबडा काटा एक फेरा पुरा करून दुसऱ्यात शिरला, तिसऱ्यातही अर्ध्यावर गेला, तेव्हा पोरीचं अंग सैल पडलं. पाचाच्या आत. श्रद्धाला रडू आलं, पण ते ऐकायला घरात कुणी नव्हतं. सासू देवळात कौल लावायला गेली होती.

प्रशांत दोन दिवसांनी आला. न्हाणीघरातून अंग पुसत बाहेर आला तर तिथे कोनाड्यात घड्याळ. भांडी घासायच्या आधी तिने काढून ठेवलं होतं. त्याने ते मनगटावर चढवलं, हात लांब धरून पाहिलं. “माका हाडलंस? बार्जवर सगळ्यांच्या हाताक आसा, माझोच तेवढो रिकामो.” त्याच्या उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर शाळकरी पोरासारखं हसू होतं.

“व्हय रे, तुकाच,” सरस्वतीबाई आतून घाईघाईने म्हणाल्या. “घाल आणि जा घेवन.”

श्रद्धा राखेच्या हातांनीच दारात आली. हो म्हणावं, आणि सगळं होतं तसं चालू राहावं. उद्या तो पाण्यावर, आणि परत तेच, खूप वेळ.

“ना,” ती म्हणाली. “ता माझा आसा.”

“तुझा? एवढा मोठा?”

“त्येका सेकंदाचो काटो आसा.”

“सेकंद कित्याक व्हये तुका?”

आत सासूच्या विळीवर नारळ खवण्याचा आवाज थांबला. शर्वाणी उंबऱ्याशी बसून पेल्यात चमचा वाजवत होती.

“बायेक तापात आकडी येता,” श्रद्धा म्हणाली. “वरीस झाला.”

प्रशांतने लेकीकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे. तिथून कुणी बाहेर आलं नाही. “म्हणजे... कितको वेळ?”

तिने त्याचं मनगट धरून तबकडी त्याच्या डोळ्यांसमोर आणली. “बघा. मी पुरे म्हणासर नजर काढू नकात.”

तो बघू लागला. काटा बारावरून निघाला, खाली उतरला, पुन्हा चढला. प्रशांतने मान वर केली.

“अजून?”

“अजून.”

त्याने पुन्हा मान खाली घातली. पट्ट्याखालच्या त्याच्या शिरा तिच्या बोटांना लागत होत्या. चमच्याचा आवाजही आता थांबला होता. काटा दुसऱ्यांदा बाराजवळ येत होता, आणि तिने अजून पुरे म्हटलं नव्हतं.