अकरावा बिल्ला

पूलवाल्यांनी उभ्या आयुष्यात एकच पूल उडवला, पण त्या एका पुलावर सेहेचाळीस वर्षं सत्कार घेतले. आता तर त्यावर सिनेमा निघत होता. नदीकाठी लाकडाचा खोटा पूल उभा राहिला होता आणि खरं काय घडलं ते सांगायला पूलवाल्यांना खुर्ची देऊन बसवलं होतं. खरं सांगायला त्यांनाच बोलवावं, यातली गंमत फक्त त्यांनाच कळत होती, आणि त्यांना हसू येत नव्हतं.

शेजारी त्यांच्या मेलेल्या मित्राची धाकटी बहीण बसली होती. लढाईनंतर तिने यांनाच दादा मानलं. बायको गेल्यापासून ती दोन वेळचा डबा पोचवत आली होती, आणि तिच्यावाचून त्यांना दुसरं कुणी नव्हतं. पुलाची हकिकत तिला तोंडपाठ होती: शत्रू जवळ आला, भाऊ पलीकडे अडकला, आणि त्यानेच हात हलवून सांगितलं, उडव. भावाचा तिला अभिमान होता. रागही होता. घरी आई वाट बघत असताना याला मरायची कसली घाई झाली, असं ती अधूनमधून पुटपुटायची. अशा वेळी पूलवाल्यांना हमखास ठसका लागायचा.

पूलवाल्यांचं काम करणारा नट मोठा चिकट. प्रश्न विचारून त्याने त्यांना भंडावून सोडलं होतं. सुरुंगवाल्यांची पद्धत त्याने घोकून ठेवली होती. पलीकडे गेलेला माणूस परतला की त्याने गळ्यातला पत्र्याचा बिल्ला काढून हेल्मेटमध्ये टाकायचा. गेले तितके बिल्ले जमले, की वात पेटवायची. त्या दिवशी अकरा जण गेले होते. एरवी पूलवालेही जायचे, पण पाय मुरगळल्यामुळे ते वात पेटवायला अलीकडेच राहिले होते.

तालीम सुरू झाली. दहा जण धावत आले, दहा बिल्ले खणखणले. दहाव्याच्या पाठोपाठ नटाचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला, आणि त्याने आपलाही बिल्ला आत टाकला. सकाळपासून सगळे तेच करत होते, हाताला सवय लागली होती. दिग्दर्शक वैतागला. तू कुठे गेला होतास, तुझा कशाला टाकलास, असं त्याने विचारलं, आणि सगळे खो खो हसले.

पूलवाल्यांनी सेहेचाळीस वर्षं जे पोटात ठेवलं, ते या पोराने भर उन्हात सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं.

"हसू नका त्याला," ते म्हणाले. "मीही तेच केलं होतं."

मग ते तिच्याकडे वळले आणि न थांबता सांगत गेले. त्यांचा स्वतःचा धरून बिल्ले अकरा भरले. त्यांनी फक्त मोजले, कुणाचे ते बघायला वरचे आकडे वाचले नाहीत. शत्रू तर कोसभर लांब होता. वात पेटली, आणि तेवढ्यात तिचा भाऊ पुलावर आला.

"धावत?" तिने विचारलं.

"धावत. मला बघून त्याने हात वर केला. थांब म्हणून. वात माझ्यापासून दहा पावलांवर होती. कापता आली असती. मी भ्यालो, जागचा हललो नाही."

दिग्दर्शक उगाच कागद चाळत राहिला. तिने पदराने तोंड पुसलं.

"म्हणजे तो घरी यायला निघाला होता," ती म्हणाली. "आणि मी जन्मभर त्यालाच बोल लावले."

ती उठली. भावाचं काम करणाऱ्या नटाजवळ गेली, त्याचा हात धरून वर केला आणि तळवा समोर वळवला. असा धर, तिने सांगितलं, आणि पुलाच्या मध्यापर्यंत पळत ये. दिग्दर्शकाने पूलवाल्यांकडे पाहिलं. ते उठायला लागले होते.

तिने त्यांना खांदा दाबून खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. पलीकडून पावलं वाजली. हात वर करून तो पुलावर आला.

"डोळे मिटायचे नाहीत, दादा," ती म्हणाली.